काळ्या वायरीचा अर्थ

'टक्' असा आवाज यायला हवा होता. तो आला नाही.

केतकीने बटण वर केलं, परत खाली दाबलं. काही नाही. शेजारचं दाबलं. त्याच्या शेजारचं दाबलं. पाचही बटणं दाबून झाली. धुक्याचे पिवळे दिवे आंधळेच राहिले, वायपर काचेवर झोपून राहिला, भोंगा गप्प, आतला दिवा गप्प, आणि मागची पायरी जागची हलली नाही. बॅटरी तर भरलेली होती. वायरी नव्याकोऱ्या होत्या. प्रत्येक वायर जिथे जायची तिथे गेलेली होती, निदान दिसायला तरी.

"किती वाजले गं?" शालनआत्याने गॅरेजातल्या स्टुलावरून विचारलं.

"एक वाजून दहा मिनिटं."

चार वाजता परिवहन कार्यालयाचे निरीक्षक येणार होते. गाडीच्या दारात बसलेल्या नसीमाताईंनी काहीच विचारलं नाही. त्यांना विचारता येत नव्हतं. मुळात म्हणूनच तर हा सगळा खटाटोप चालला होता.

तेव्हा पाटणसारख्या गावातसुद्धा सगळ्या गाड्या बोलगाड्या झाल्या होत्या. बोलगाडी म्हणजे जिच्यात एकही बटण नाही अशी गाडी. हातात किल्ली आणि स्टिअरिंग, पायाशी ब्रेक, बाकी सगळी कामं तोंडाने. 'दिवे लाव' म्हटलं की दिवे लागत, 'काच पूस' म्हटलं की वायपर फिरे. चोरी होऊ नये म्हणून गाडी फक्त आपल्या चालकाचाच आवाज ओळखायची, आणि तोही ताजा. रेकॉर्ड केलेला आवाज लावला तर 'हा आवाज शिळा आहे' असं सांगून गप्प बसायची, जणू तिला कालची भाजी वाढली होती.

नसीमाताई मुजावर पंधरा वर्षं अशीच एक गाडी चालवत होत्या. लोक तिला 'कानांची गाडी' म्हणत. डोंगरातल्या सतरा वाड्यांमध्ये जाऊन त्या लहान मुलांचे कान तपासायच्या आणि ज्याला कमी ऐकू येतं त्याला श्रवणयंत्र (कानामागे बसणारं, आवाज मोठा करून कानात सोडणारं यंत्र) बसवायच्या. केतकी तीन वर्षांची असताना तिलाही त्यांनीच बसवलं होतं. यंत्र लावल्यावर केतकीने आयुष्यात पहिल्यांदा नीट ऐकलं ते शालनआत्याचं शिंकणं. ती घाबरून रडायला लागली. आत्या तिला गप्प करायला धावली, तर नसीमाताई म्हणाल्या, "रडू दे. स्वतःचं रडणं पण आजच ऐकतेय ती."

मागच्या वर्षी नसीमाताईंच्या गळ्यात गाठ झाली. ती काढताना आवाजही गेला. जीव राहिला, हात राहिले, डोळे राहिले, आणि दारात एक गाडी राहिली, जिला आता कोण काय सांगतंय ते ऐकूच येत नव्हतं.

नियमपुस्तकात मात्र एक जुनं कलम अजून शिल्लक होतं. चालकाला बोलता येत नसेल तर पाच कामं हाताच्या बटणांनी व्हायला हवीत: धुक्याचे दिवे, वायपर, भोंगा, आतला दिवा आणि मुलांना चढायची मागची पायरी. आजच्या तपासणीत ही पाच कामं झाली तर गाडी त्यांच्याकडे राहणार होती. नाही झाली तर ती जिल्ह्याच्या ठिकाणी जमा होणार होती, आणि सतरा वाड्यांच्या वाटेवर दुसरं कुणी जायला तयार नव्हतं.

बटणं बसवायचं काम आजच्या काळात करतंय कोण? एक शालनआत्या. ती कुठल्या कॉलेजात गेली नव्हती. जुन्या गाड्या उघडून, बोटांना चटके बसवून घेऊन आणि एका ट्रकवाल्याने दिलेलं कव्हर नसलेलं पुस्तक सात वेळा वाचून ती गाड्यांचं वायरिंग शिकली होती. हल्ली तिची कंबर वाकत नव्हती, म्हणून डॅशबोर्डच्या खाली (स्टिअरिंगमागच्या फळीच्या पोटात) शिरायचं काम टिपण करायचा.

टिपण म्हणजे यंत्रमानव. आधी तो एका शब्दकोशाच्या कार्यालयात होता. जुनी जीर्ण पानं फाटू न देता उलटायला त्याला अगरबत्तीसारखी बारीक बोटं दिलेली होती. कोश पूर्ण झाला, टिपणला काम उरलं नाही, आणि आत्याने त्याला आणलं. बोटं वायरिंगला फार उपयोगी होती. भाषा जरा जड होती.

"शालनताई," सकाळीच तो म्हणाला होता, "आपण बोल्ट आणण्यास जात आहात. मग 'येते गं' असे का म्हणालात?"

"जाते म्हणायचं नसतं."

"का?"

"नसतं म्हणून," आत्या म्हणाली आणि गेली. टिपणने ते शंकांच्या यादीत लिहून ठेवलं.

आत्या बोल्ट घेऊन आली तेव्हा केतकी हातात एक बटण घेऊन उलटसुलट करून बघत होती. बटण नखाएवढं होतं.

"आत्या, मागची पायरी ओढायला केवढी मोटर आहे. आणि हे एवढंसं बटण तिला चालवणार?"

"बटण कुठं चालवणार? त्याची काय ताकद?" आत्या स्टुलावर बसली. "ऐक. त्या मोटरला वीस अँपिअर लागतात." अँपिअर म्हणजे वाटेने किती वीज वाहते ते मोजायचं माप, हे केतकीला माहीत होतं. "आणि हे बटण सोसतं दोन. वीसची वीज यातून सोडली तर काय होईल?"

"बटण तापेल."

"तापेल, वितळेल, वास येईल, मग आपण पळू. म्हणून मधे हा बसवायचा." आत्याने काडेपेटीहून लहान अशी एक काळी डबी तिच्या तळहातावर ठेवली. "रिले. आता मला सांग, धरणाचा दरवाजा उघडतो तेव्हा तिथला माणूस स्वतःच्या हातानं पाणी ढकलतो का?"

"नाही. तो बटण दाबतो, दरवाजा वर जातो, पाणी आपलं आपण जातं."

"झालं तर. हा रिले म्हणजे तो दरवाजा."

मग तिने एक फुटका रिले दाखवला, मुद्दाम जपून ठेवलेला. आत तांब्याच्या बारीक तारेची गुंडाळी होती. गुंडाळीतून थोडी वीज गेली की ती तेवढ्यापुरती लोहचुंबक होते. जवळच एक लोखंडी पट्टी असते, ती चुंबकाकडे ओढली जाते, टक् असा आवाज होतो, आणि पट्टीमुळे दुसरी मोठी वाट जोडली जाते. बॅटरीतून मोटरकडे जाणारी जाड वीज या मोठ्या वाटेने जाते. बटणातून जाते ती फक्त गुंडाळीपुरती, पाव अँपिअरसुद्धा नाही.

"म्हणजे बटण नुसतं सांगतं," केतकी म्हणाली.

"हां. सांगणारा वेगळा, ओझं उचलणारा वेगळा. आपल्या घरातल्यासारखंच." आत्याने टिपणकडे बघितलं. टिपण ओझंच उचलत होता.

जाड वाटेवर प्रत्येकी एक फ्यूज (वीज प्रमाणाबाहेर गेली तर स्वतः वितळून वाट तोडणारी बारीक तार) बसला. गाडीची बोलण्याची यंत्रणा होती तशीच ठेवून तिच्या शेजारून ही नवी वाट काढली. नसीमाताईंनी मांडीवरच्या पाटीवर लिहिलं, 'बटणं उलटी बसवा.' ही बटणं परदेशी पद्धतीची, वर केलं की चालू होणारी होती. नसीमाताईंच्या घरातलं प्रत्येक बटण खाली दाबलं की लागत होतं, आणि घाईच्या वेळी हात घरचंच आठवतो. आत्याने पाचही उलटी फिरवली.

"आणि न बघता कसं कळणार, कुठलं कशाचं?" केतकीने विचारलं.

नसीमाताईंनी पिशवीतून एक पत्र्याचा डबा काढला आणि पाटीवर लिहिलं, 'बटणांना बटणं.' डब्यात शर्टाची, कोटाची, झबल्यांची बटणं होती. धुक्याच्या दिव्याला कोटाचं मोठं बटण चिकटलं, वायपरला लांबट लाकडी, भोंग्याला खडबडीत पितळी, आतल्या दिव्याला झबल्याचं इवलंसं आणि पायरीला चार भोकांचं चौकोनी. केतकीने डोळे मिटून बोट फिरवलं. पाचही ओळखू आली.

वायरी सगळ्या टिपणने ओढल्या. शेवटी पाचही रिलेंच्या गुंडाळ्यांमधून निघालेल्या पाच काळ्या वायरी एकत्र करून त्यांची एक केली.

"आता त्या काळ्या वायरीचा अर्थ लाव," आत्याने स्टुलावरून सांगितलं.

फळीखाली बराच वेळ काहीतरी खसखसत होतं.

"लावला?"

"लावला."

"नीट लावलास ना? मागं एकदा सैल राहिला होता."

"तीन ठिकाणी पडताळून पाहिला," टिपण म्हणाला. "निःसंशय."

"शहाणा माझा," आत्या म्हणाली.

आणि मग ते बटण. आणि तो न आलेला आवाज.

दीड वाजला. आत्याने पाचही फ्यूज काढून उजेडात धरले. तारा शाबूत होत्या. बटणं तपासली, चांगली होती. एक रिले काढून बाहेर बॅटरीला थेट जोडला, तो लगेच टक् वाजला. गाडीत लावला की मुका.

दोन वाजता आत्या बोलायची थांबली. आत्या बोलायची थांबली की केतकीला भीती वाटायची. नसीमाताईंनी पाटीवर काहीतरी लिहिलं, पुसलं, परत लिहिलं. 'नाही जमलं तरी चालेल. तुम्ही इतकं केलंत.'

आत्याने ते वाचलं आणि पाटी उलटी करून ठेवली. "ताई, या पोरीला तीन वर्षं मी हाका मारत होते, ती मागं वळत नव्हती. तुम्ही आलात, अर्ध्या तासात वळली. तुम्ही इतकंबितकं मला सांगू नका."

त्याच वेळी केतकीच्या कानातलं जग एकदम बंद झालं. यंत्राचा सेल संपला होता. तिने खिशातून नवा सेल काढला, बसवला, आणि तरीही काहीच ऐकू येईना. नसीमाताईंनी हात पुढे केला. सेल बाहेर काढला, नखाने त्याच्या एका बाजूला टोचलं, मग दुसरीला. दुसऱ्या बाजूला खिशातल्या दोऱ्याचा एक तुकडा चिकटला होता. केतकीला आठवलं. लहानपणी ताई सांगायच्या, सेलला दोन गाल असतात, दोन्ही गाल टेकले तरच तो गोड बोलतो. तिने दोरा काढला, सेल बसवला, आणि आत्याचं पुटपुटणं परत ऐकू यायला लागलं.

तिची नजर फळीखालच्या वायरींकडे गेली.

"आत्या," ती हळूच म्हणाली, "आपण सगळं येताना बघितलं. बॅटरीतून फ्यूजमध्ये, फ्यूजमधून बटणात, बटणातून गुंडाळीत. पण गुंडाळीतून वीज पुढे कुठे जाते?"

"पुढं कुठं? परत. बॅटरीच्या दुसऱ्या टोकाला. परत गेली तरच ती निघते, नाहीतर जागची हलत नाही. सगळी वाट गोल जोडलेली लागते." विजेच्या अशा गोल, कुठेही न तुटलेल्या वाटेलाच परिपथ म्हणतात. "आणि प्रत्येक दिव्यासाठी परतीची वेगळी वायर ओढायला नको म्हणून बॅटरीचं उणं टोक गाडीच्या पत्र्याला जोडलेलं असतं. सगळा पत्रा म्हणजे परतीचा रस्ता."

"मग परत जाताना कुणी बघितलंय?"

आत्याने तिच्याकडे बघितलं आणि टेस्टर काढला. टेस्टर म्हणजे टोकदार खिळ्यासारखी एक वस्तू, पोटात बारका दिवा, शेपटाला चिमटा. चिमटा गाडीच्या पत्र्याला लावायचा आणि टोक हवं तिथे टोचायचं. वीज पोचली असेल तर दिवा लागतो. केतकी फळीखाली शिरली. बटणाच्या वायरीला टोचलं, दिवा लागला. गुंडाळीच्या अलीकडे टोचलं, लागला. पलीकडे टोचलं, तिथेही लागला. मग तिने काळ्या वायरीला टोचलं.

"लागला," ती म्हणाली.

"काळीवर? काळीवर लागायला नको," आत्या म्हणाली. "काळी पत्र्याला जोडलेली असेल तर टेस्टरची दोन्ही टोकं पत्र्यालाच लागली ना? एकाच पायरीवरच्या दोन घागरींतून पाणी कुठून कुठं जाणार? दिवा लागायलाच नको. बघ ती कुठं जाते."

केतकी बोटाने काळी वायर धरून आत आत गेली. एका कोपऱ्यात वायर संपली. तिथे बोल्ट नव्हता, पत्रा नव्हता. टोकाला दोऱ्याने एक चिठ्ठी बांधलेली होती, सुबक अक्षरात लिहिलेली. केतकीने ती तिथूनच वाचून दाखवली.

"'काळी वायर. अर्थ: एक, परतीची वाट. दोन, जी जेथून निघाली तेथेच पोचवते ती. तीन संदर्भग्रंथांत पडताळले.'"

 आत्या हसायला लागली. हसता हसता तिने कंबर धरली. नसीमाताई आवाज न करता हसत होत्या, त्यांचे खांदे हलत होते.

"अरे बाबा," आत्या डोळे पुसत म्हणाली, "माझा अर्थ इंग्रजी आहे. अर्थ म्हणजे जमीन, पृथ्वी. घराची वायर जमिनीत पुरतात तसं गाडीत पत्र्याला आवळतात. अर्थ लाव म्हणजे बोल्ट आवळ."

टिपणचे दिवे थोडे मंद झाले. "कोशात 'अर्थ' या शब्दाचे अकरा अर्थ आहेत. बोल्ट आवळणे त्यांत नाही."

"मग बारावा लिहून घे."

"मी लावलेला अर्थ चुकला का?"

"नाही रे," केतकी फळीखालून म्हणाली. "तुझा अर्थ बरोबर लागलाय. अर्थ तेवढा लावायचा राहिलाय."

आत्याने तिला सॅंडपेपर दिला. पत्र्यावरच्या रंगातून वीज जात नाही, म्हणून आधी रंग खरवडून पत्रा चकचकीत करायचा. केतकीने नाण्याएवढी जागा घासली. टिपणच्या बारीक बोटांनी वायरीच्या टोकाला कडी दाबून बसवली, बोल्ट घातला, आवळला, आणखी आवळला.

"आता दाबा ताई," आत्या म्हणाली.

नसीमाताईंनी कोटाचं बटण खाली दाबलं.

टक्.

समोरच्या भिंतीवर पिवळा उजेड पडला. ताईंनी बटण वर केलं, परत खाली दाबलं. टक्. मग वायपर. टक्. मग पायरी, ती कुरकुरत खाली आली. त्या टक् आवाजासाठी केतकीने श्रवणयंत्राचा आवाज पूर्ण वाढवला होता.

चारला पाच मिनिटं असताना निरीक्षक वाघमोडे आले. उंच, घाम पुसणारे, हातात तक्ता. "बाई, आता तपासणी संपेपर्यंत गाडीशी एक शब्दही बोलायचा नाही," ते सवयीने म्हणाले, आणि आपण काय बोललो ते कळून कानापर्यंत लाल झाले.

नसीमाताईंनी पाटीवर लिहिलं, 'प्रयत्न करते.'

वाघमोडे पुढच्या सीटवर शेजारी बसले. "समजा घाटात आहोत, दाट धुकं आहे. तुम्ही खाली बघून बटण शोधलंत तर रस्ता कोण बघणार? समोर बघा. मी सांगेन ते न बघता करायचं. वायपर."

ताईंची नजर समोर. बोट लाकडी बटणावर गेलं. टक्.

"भोंगा. दिवे. भोंगा बंद. पायरी. आतला दिवा." ते मुद्दाम भराभर सांगत होते. टक्, टक्, टक्. एकदा बोट झबल्याच्या बटणावर क्षणभर थांबलं. पण ते चुकलं नव्हतं. ते बटण कुणाच्या झबल्याचं होतं कोण जाणे, ताई जरा रेंगाळल्या एवढंच.

वाघमोड्यांनी तक्त्यावर पाच खुणा केल्या, खाली सही केली. मग ते उठले नाहीत. त्यांनी स्वतः डोळे मिटून पाच बटणांवरून बोट फिरवून पाहिलं.

"माझे वडील बोलगाडीला घाबरतात," ते म्हणाले. "आवाज थरथरतो, गाडी ओळखत नाही. हे मी कार्यालयाला लिहून पाठवतो. पाच बटणं प्रत्येक गाडीत ठेवायला काय हरकत आहे?" मग आत्याकडे वळून म्हणाले, "रिलेचं चित्र काढून द्याल का? मला नीट सांगता येणार नाही."

"केतकी देईल," आत्या म्हणाली. "तिला परतीच्या वाटेसकट येतं."

साडेचार वाजले. चाफोलीच्या वाडीवर एक दोन वर्षांची मुलगी होती, तिची आई तीन महिने वाट बघत होती. उजेड असेतो पोचायचं तर आत्ताच निघायला हवं होतं. नसीमाताईंनी पाटी हातात घेतली. पण नुसत्या आत्याकडे बघत राहिल्या.

"ते आभारबिभार लिहू नका," आत्या म्हणाली. "ते आठ वर्षांपूर्वी तुमच्या हातून निघालेलं. आज परत पोचलं. वाट गोल झाली." आणि तिने केतकीच्या कानामागचं यंत्र उगाचच सारखं केलं.

ताईंनी पाटी खाली ठेवली. गाडी सुरू झाली, दारापर्यंत गेली, थांबली. निघताना त्या नेहमी खिडकीतून मान बाहेर काढून 'येते हं' म्हणायच्या. सगळ्या वाड्यांना ते ठाऊक होतं. आता मान बाहेर आली, ओठ हलले, आवाज आला नाही.

मग त्यांचं बोट पितळी बटणावर गेलं. दोनदा, अगदी थोडं.

पी-पीप.

"या वेळी भोंग्याचे प्रयोजन नव्हते," टिपण म्हणाला. "रस्ता मोकळा होता."

"त्या 'येते हं' म्हणाल्या," केतकी म्हणाली.

"पण त्या जात आहेत."

"परत यायची वाट जोडलेली असली की मगच जाता येतं. म्हणून जाताना 'येते' म्हणायचं."

 टिपणने खिशातून कोरी चिठ्ठी काढली आणि सकाळची शंका यादीतून खोडली. चिठ्ठीवर त्याने सुबक अक्षरात लिहिलं, 'भोंगा, दोनदा. अर्थ: येते.' लिहून झाल्यावर तो आत्याकडे वळला.

"हा अर्थ कोठे लावू? पत्र्याला?"

"दारावर लाव," आत्या म्हणाली. "मंगळवारी त्या परत येतील तेव्हा दिसेल त्यांना."